व्यावसायिक स्टँडअप कॉमेडियन खरंच विनोदी असतात का?

निशाचर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. मी स्टँडअप भरपूर बघतो, मराठी, हिंदी, इंग्रजी जे मिळेल ते, आणि तासाभराचा एखादा स्पेशल (एकाच कॉमेडियनचा रेकॉर्ड केलेला शो) संपला की जाणवतं की आपण मोठ्यांदा असे हसलो फार तर दोन-तीनदा, बाकी वेळ नुसतं चेहऱ्यावर "हं, बरंय". आणि दुसरीकडे मित्रांच्या घोळक्यात एक जण असतोच, ज्याने कधी स्टेज बघितलं नाही, कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, तो नुसता "अच्छा?" म्हणाला तरी आपलं पोट दुखायला लागतं. मग ज्याचा धंदाच हसवण्याचा आहे तो या मित्राच्या मागे का पडतो?

माझी शंका अशी आहे की हॉलमध्ये लोक हसतात ते विनोदाला नाही. तिकीट काढलंय, हसायचंच ठरवून आलेत, अंधार आहे, शेजारचा हसतोय म्हणून आपण हसतो. टीव्हीवाल्यांना हे १९५० च्या दशकातच कळलं होतं, अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने हसण्याच्या रेकॉर्डिंगचं मशीनच बनवलं होतं, बटण दाबलं की पाहिजे तसं हसू, हळू, जोरात, बायकांचं, पुरुषांचं, आणि ते कार्यक्रमावर चिकटवायचं. जोक तोच पण हसू वरून ओतलेलं, आणि घरी बसलेल्याला वाटायचं की वा, काय विनोदी कार्यक्रम आहे.

तर प्रश्न सरळ आहे. हे लोक खरंच विनोदी असतात, की फक्त हसू येईल अशी परिस्थिती तयार करण्यात हुशार असतात? शिव्या, राजकारण, कोणाच्या भावना दुखावल्या हा वाद कृपया इथे नको, त्यात मूळ मुद्दा हरवतो.

सोनचाफा

+१. अगदी मनातलं लिहिलंत. मला तर असं दिसतं की अर्धं स्टँडअप म्हणजे ओळख पटवणं. "तुमच्या पण आई अशाच ओरडतात ना" असं म्हटलं की हॉल हसतो, कारण हो, ओरडतात. पण यात विनोद कुठे आहे? ही नुसती आठवण झाली. निरीक्षण आणि विनोद यात फरक आहे, निरीक्षण केल्यावर पुढे काहीतरी वळण यायला हवं आणि ते बहुतेक वेळा येतच नाही.

खारूताई

निशाचर, मित्राशी तुलना करताय तिथेच गडबड आहे असं मला वाटतं. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, कॉलेजात, रस्त्यावर लोक नेमके कशाला हसतात ते चक्क लपून टिपून घेतलं, असे १२०० प्रसंग जमवले. आणि निघालं काय, तर हसण्याआधी बोललेली वाक्यं विनोदाच्या जवळपास जाणारी होती ती फक्त १० ते २० टक्के. बाकीच्या वेळी लोक "चल भेटू नंतर", "हो ना, मला पण" असल्या वाक्यांना हसत होते. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो असं दिसलं, ४६ टक्के जास्त. एकटं असताना माणूस हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो हेही त्यांचंच.

म्हणजे मित्राच्या "अच्छा?" ला तुम्ही हसता ते मैत्रीला हसता. त्याच्यामागे दहा वर्षांचा इतिहास आहे, कोणाचं तोंड कधी कसं झालं होतं ते सगळं त्या एका शब्दात येतं. तोच मित्र उद्या अनोळखी २०० लोकांसमोर जाऊन "अच्छा?" म्हणाला तर टाचणी पडल्याचा आवाज येईल. कॉमेडियनकडे तो इतिहास नसतो, त्याला तो दहा मिनिटांत उभा करावा लागतो. मला तर हे जास्त अवघड वाटतं.

निशाचर

खारूताई, माहिती मस्त, पण हा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातोय की. माणूस चारचौघांत ३० पट हसतो म्हणताय, मग हॉलमध्ये ३०० लोक कोंबले की हसू येणारच, त्यात कॉमेडियनचं कर्तृत्व काय? पॅरिसच्या नाट्यगृहांत १९ व्या शतकात पैसे देऊन माणसं बसवायचे, टाळ्या वाजवायला वेगळे, रडायला वेगळ्या बायका, आणि विनोदी जागांना हसायला वेगळे लोक. त्या लोकांनी सुरुवात केली की बाकी प्रेक्षागृह हसायचं. हसणं पसरतं हे नाटकवाल्यांना तेव्हाच माहीत होतं. मी एवढंच म्हणतोय की हॉलमधल्या हसण्यातून हे पसरणं वजा करून दाखवा, विनोद किती उरतो ते बघू.

ओपनमाइकवाला

वाचत होतो, आता राहवत नाही. मी नोकरी सांभाळून ओपन माइक करतो, म्हणजे कोणीही नाव देऊन स्टेजवर चढू शकतो असे शो, पैसे मिळत नाहीत, त्यामुळे व्यावसायिक लोकांची बाजू घेण्यात माझा काही फायदा नाही. पण निशाचर, तुम्ही म्हणताय ते वजाबाकीचं उत्तर रोज रात्री मिळतं, फक्त ते स्पेशलमध्ये दिसत नाही.

बघा, एकच खोली, तेच प्रेक्षक, तोच अंधार, तीच तिकिटं. आठ-दहा जण एकामागोमाग एक चढतात, प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं. परिस्थितीनेच हसू येत असेल तर सगळ्यांना सारखं यायला हवं ना? येत नाही. तीन जण सपशेल पडतात, पडतात म्हणजे एसीचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता, चार जण कसेबसे पाच मिनिटं ओढतात आणि मग एखादा चढतो आणि पहिल्या वीस सेकंदांत तीच खोली उसळते, त्याच लोकांची, जे आत्ता मोबाईल काढून बसले होते. हा फरक कुठून आला? खोली तर बदलली नाही.

परिस्थितीचा उपयोग होतो हे मात्र शंभर टक्के खरं, ते आम्ही नाकारतच नाही. छत खालचं हवं, खुर्च्या चिकटून हव्यात, पुढच्या रांगा आधी भराव्या लागतात, लोक विखरून बसले की हसू विझतं. होस्ट आधी येऊन खोली गरम करून देतो ते याचसाठी. पण ही गरम खोली तुम्हाला मिनिट-दोन मिनिटं देते, फार तर. प्रसिद्ध माणसालासुद्धा. लोक हौसेने टाळ्या वाजवतात, पहिल्या दोन जोकना मोठ्या मनाने हसतात, आणि मग आपोआप थांबतात. हसू ही गोष्ट सौजन्य म्हणून फार वेळ देता येत नाही, टाळी देता येते.

आणि लिहिण्याबद्दल. लोकांना वाटतं माईक धरायचा आणि सुचेल ते बोलायचं. एक साधं उदाहरण देतो, माझंच आहे, फार भारी नाही पण समजायला बरं. "डॉक्टर म्हणाले ताण कमी करायचा तर फोन बंद ठेवा. आठवडाभर बंद ठेवला. माझा ताण गेला, आता माझा बॉस गोळ्या घेतोय." हे असं म्हटलं की बारीकसं हसू येतं. आता शेवट बदला, "माझा ताण गेला, आता गोळ्या घेतोय माझा बॉस." हसू जवळजवळ दुप्पट. कारण धक्का "बॉस" या शब्दात आहे आणि पहिल्या वाक्यात तो आधीच येऊन गेला, मग "गोळ्या घेतोय" ऐकेपर्यंत लोक अर्धे पुढे गेलेले असतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, त्यामुळे साधं व्याकरणशुद्ध वाक्य बोललं की पंच, म्हणजे जिथे हसू फुटायचं तो शब्द, मध्येच गाडला जातो, मग आम्ही वाक्य उलटंपालटं करतो, "दारात कोण उभं, तर..." असली वळणं घेतो, एकेका शब्दाची जागा बदलून आठवडाभर वेगवेगळ्या खोल्यांत बोलून बघतो. मित्र हे करत नाही, त्याला गरजच नाही.

मोठ्या लोकांचंही हेच. फिलिस डिलर म्हणून अमेरिकन कॉमेडियन होत्या, १९५५ साली वयाच्या ३७ व्या वर्षी स्टेजवर आल्या, त्यांचं जोकचं एक लोखंडी कपाट आहे, विषयवार खणांमध्ये लावलेली ५० हजारांहून जास्त कार्डं, प्रत्येकावर एक जोक. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अमेरिकन कॉमेडियन ख्रिस रॉक एवढा मोठा झाल्यावरही दौऱ्याआधी छोट्या क्लबमध्ये न सांगता जातो, हातात कागदांचं पॅड, बरेचसे जोक पडतात, लोक गप्प बसतात, तो पॅडवर खुणा करतो. समोर ख्रिस रॉक उभा असूनही लोक हसत नाहीत याचा विचार करा. फक्त नावाला आणि गर्दीला हसत असते तर तिथे हसले नसते का?

टिंब

ओपनमाइकवाला, प्रतिसाद फार आवडला, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत असं वाटतं. तुम्ही सिद्ध केलंत ते कौशल्य. ५० हजार कार्डं हे कष्टाचं लक्षण झालं, विनोदी स्वभावाचं नाही. वाक्यातला शब्द मागे-पुढे करून हसू दुप्पट होतं म्हणजे हे जवळजवळ अभियांत्रिकी झालं. टीव्हीवरच्या लेट नाइट शोच्या होस्टला तर रोजचे जोक लिहून द्यायला लेखकांची फौज असते. मग विनोदी कोण? मला विनोदी म्हणजे असा माणूस अभिप्रेत आहे ज्याची बघण्याची नजरच तिरकी आहे, जो तयारी नसताना, झोपेतून उठवलं तरी विनोदी आहे. असे किती आहेत या धंद्यात?

आणि गर्दीचं म्हणाल तर अमेरिकन कॉमेडियन स्टीव्ह मार्टिनचं काय? सत्तरच्या दशकाच्या शेवटी हजारो लोकांची स्टेडियमं भरायची, लोकांना त्याची वाक्यं पाठ, तो तोंड उघडायच्या आधी आरडाओरडा, आणि त्याला स्वतःलाच कळेना की आपण आता विनोद करतोय की पार्टीचा यजमान झालोय. १९८१ मध्ये त्याने स्टँडअप सोडून दिलं ते सोडलंच, कितीतरी वर्षं परत फिरकला नाही. म्हणजे खुद्द कलाकाराला वाटलं की हे हसू आता माझ्या विनोदाचं नाही.

ओपनमाइकवाला

टिंब, स्टीव्ह मार्टिनचं उदाहरण योग्यच आहे, पण ते स्टेडियमचं आहे. २० हजार लोकांत एक माणूस दिसतही नाही, तिथे बारीक चेहरा करून काही होत नाही. म्हणूनच बहुतेक जण परत लहान खोलीत येतात. अमेरिकेच्या जेरी साइनफेल्डने १९९८ मध्ये जुने सगळे जोक एकदा शेवटचे सादर केले आणि टाकून दिले, मग छोट्या क्लबांमध्ये पाच-दहा मिनिटांच्या नवीन सामानापासून सुरुवात. त्या काळातलं चित्रीकरण आहे, त्यात तो स्टेजवर मध्येच अडकतो, पुढचं आठवत नाही, आणि समोरची बाई त्याला काहीतरी ऐकवते. जगातला सगळ्यात प्रसिद्ध कॉमेडियन!

आणि तिरकी नजर आणि कष्ट हे एकमेकांचे शत्रू का समजायचे? गाणाऱ्याचा गळा उपजत असला तरी रियाजाशिवाय तो मैफल मारत नाही. नजर नसलेला माणूस शब्द कितीही हलवू दे, हलवायला मुळात काही असायला हवं ना. पडणारे तीन जण जे सांगितले त्यातले एक-दोन जण आमच्यातले सगळ्यात कष्टाळू आहेत. वर्षानुवर्षं करतायत, तंत्र चोख आहे, आणि तरीही हसू येत नाही. हे बघताना वाईट वाटतं.

खारूताई

टिंब, अजून एक. हसू खोटं आहे की खरं ते आपल्याला कळतं. ग्रेगरी ब्रायंट नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना हसण्याचे तुकडे ऐकवले, काही आपसूक आलेलं हसू, काही मुद्दाम काढलेलं, भाषा वगैरे काहीच नाही, तरी सगळीकडच्या लोकांना फरक ओळखता आला, दरवेळी नाही पण अंदाजाने सांगण्यापेक्षा नक्कीच जास्त. कारण आपसूक हसू वेगळ्या पद्धतीने निघतं, आवाज वर चढतो, श्वास अडतो, ते ठरवून नीट काढता येत नाही. त्यामुळे एका खोलीतले ३०० लोक तासभर एकमेकांना फसवत हसतायत हे मला पटत नाही. पसरायला तरी आधी कुठेतरी खरी ठिणगी पडावी लागते.

सोनचाफा

बरं मग हे सांगा, हल्ली रील्सवर जे दिसतं ते काय? "तू काय करतोस? इंजिनिअर? ओह." आणि हॉल कोसळतो. पुढच्या रांगेतल्या माणसाची नोकरी विचारणं हा विनोद कधी झाला? माझ्या फोनवर दिवसभर हेच येतं आणि यालाच लोक टॅलेंट म्हणतात.

ओपनमाइकवाला

सोनचाफा ताई, तुमचा राग समजतो पण त्यामागचं कारण सांगतो. कॉमेडियनने लिहिलेला चांगला जोक रीलवर टाकला की तो जळला, पुढच्या शोला आलेल्या माणसाने तो आधीच ऐकलेला असतो आणि माहीत असलेल्या पंचला कोण हसणार? गाणं पुन्हा ऐकायला लोक येतात, जोक पुन्हा ऐकायला सहसा येत नाहीत. म्हणून प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा टाकतात, त्या परत वापरायच्याच नसतात. त्यामुळे फुकट जे दिसतं ते मुद्दाम निवडलेलं उरलंसुरलं असतं आणि मेहनतीचं काम तिकिटामागे राहतं. फक्त रील्सवरून या लोकांना जोखू नका एवढंच म्हणणं.

यात एक खरी गडबड झालीये ती कबूल करायला हवी. काही नवीन मुलं आता लिहितच नाहीत, नुसते कॅमेरे लावून पुढच्या रांगेला छळतात. आणि ते चालतं, व्ह्यूज येतात. याचं मला मनापासून दुःख आहे.

ध्वनीवाला

मी लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड बघतो, स्टँडअपचीही रेकॉर्डिंग्ज केली आहेत, तर घरी बसून हसू का येत नाही त्याबद्दल थोडं. स्पेशलसाठी बहुतेक वेळा दोन शो रेकॉर्ड होतात आणि दोन्हीतलं चांगलं उचलून एक बनतं. प्रेक्षकांसाठी वेगळे माईक टांगलेले असतात, मिक्स करताना हसू कुठे किती ठेवायचं ते ठरवता येतं. इथपर्यंत निशाचरांची शंका रास्त आहे.

पण परिणाम उलटाही होतो हे लक्षात घ्या. एडिटमध्ये शांतता कापली जाते. खोलीत पंचच्या आधी एक क्षण ताणलेला असतो, २०० लोक श्वास धरून, कलाकार काहीच न बोलता उभा. तो क्षण स्क्रीनवर रटाळ वाटतो म्हणून छोटा होतो, आणि त्याच्याबरोबर हसण्याची जागाही जाते. त्यात आपण बघतो एकटे, मोबाईलवर, मध्ये दोन मेसेज येतात. जो माणूस खोलीसाठी रचलेलं काम करतो त्याला आपण खोली काढून घेऊन मार्क देतो.

पानगळ

चांगली चर्चा चालू आहे. एक थोडा जुना संदर्भ. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. नुसतं गालात हसणं ते डोळ्यांत पाणी येऊन अंग हलवत खिंकाळणं इथपर्यंत. आणि गंमत अशी की त्यातलं स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी सांगितलंय, अतिहसित अधम पात्रांसाठी. त्यातला उच्च-नीच भाव मला मान्य नाही पण एक गोष्ट पटते, की न वाजलेलं हसूही त्यांनी हास्यातच मोजलंय. निशाचर, तुम्ही लिहिलंय की तासभर चेहऱ्यावर "हं, बरंय" होतं. ते हसू नव्हतं असं तुम्ही का धरलंत? काही कॉमेडियन तर त्या जागेसाठीच लिहितात. शेवटी आठवडाभराने आंघोळ करताना एखादं वाक्य आठवतं आणि एकटेच हसतो आपण, ते कुठल्या खात्यात टाकणार?

टिंब

पानगळ, हे सुंदर. पण माझी एक तक्रार अजून शिल्लक आहे. आजकाल अनेक जणांच्या शोमध्ये हसण्यापेक्षा टाळ्या जास्त ऐकू येतात. माणूस एक मत मांडतो, हॉलला ते पटतं, कडकडाट. अमेरिकन लेखकमंडळी याला क्लॅप्टर म्हणतात. वर ओपनमाइकवालांनी म्हटलंय की टाळी सौजन्याने देता येते, अगदी बरोबर, मग टाळीवर चालणाऱ्या शोला कॉमेडी का म्हणायचं? अमेरिकन कॉमेडियन जॉर्ज कार्लिनसुद्धा मतं मांडायचा, १९७७ पासून २००८ पर्यंत एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर १४ स्पेशल केले, शेवटी शेवटी तर नुसता संताप, पण तो मत संपलं की तिथे थांबत नसे, त्याच्यापुढे जाऊन असं काहीतरी म्हणायचा की ज्यांना पटलंय त्यांनाच अवघडल्यासारखं व्हावं, आणि तिथे हसू फुटायचं. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो. माझ्या लेखी व्यावसायिकांतले फार थोडे लोक तिथपर्यंत जातात, बाकीचे तंत्रज्ञ. चांगले तंत्रज्ञ, पण तंत्रज्ञ.

निशाचर

सगळ्यांचे आभार, एवढं मुद्देसूद होईल असं वाटलं नव्हतं. एकाच खोलीत तीन जण पडतात आणि एखादा तीच खोली उठवतो हे उदाहरण मला सगळ्यात वजनदार वाटलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझा एक आक्षेप राहतोच, तो म्हणजे तासाचा. तासभर सतत विनोदी राहण्याएवढं सामान बहुतेकांकडे नसतं हे उघड दिसतं. पहिली पंधरा मिनिटं जबरदस्त, मग बालपण, मग आईवडील, मग शेवटी एक हळवा प्रसंग आणि सुरुवातीच्या जोकचा कॉलबॅक, म्हणजे तोच परत आणणं. हा साचा इतका पक्का झालाय की हळवा भाग आला की मी घड्याळ बघतो, आता दहा मिनिटं उरली. पंधराच मिनिटं का करत नाहीत?

ओपनमाइकवाला

कारण विकला तासच जातो. एचबीओने १९७५ मध्ये कॉमेडियन रॉबर्ट क्लाइनचा पहिला स्पेशल दाखवला तेव्हापासून तास हे माप होऊन बसलंय, टीव्हीच्या वेळापत्रकातून आलेलं, विनोदाच्या गरजेतून नाही. आता तर प्लॅटफॉर्मला तास हवा, थिएटर बुक करणाऱ्याला तास हवा. क्लबमध्ये मात्र माणसाला १५-२० मिनिटंच मिळतात, पाच-सहा जणांचा मिळून शो असतो, आणि तिथे प्रत्येक जण स्वतःचं सगळ्यात धारदार सामान घेऊन येतो कारण भरणा करायला जागाच नसते. निशाचर, तुम्ही स्पेशल बघणं काही महिने बंद करा आणि अशा शोला जा, शक्यतो ज्यातलं एकही नाव तुम्हाला माहीत नाही अशा. पुढच्या रांगेत बसू नका, मागे भिंतीजवळ बसा, तिथून खोली दिसते. बाकीचे कॉमेडियनही तिथेच उभे असतात, ते सहसा हसत नाहीत कारण सगळ्यांचे सेट त्यांनी दहा वेळा ऐकलेले असतात. ते कोणाला हसतात ते बघा.

टिंब

हे करून बघण्यासारखं आहे. मीही जाईन. पण ते कॉमेडियन नवीन जोकला हसले की जुन्याच जोकला पुन्हा, हेही बघायला हवं.

ओपनमाइकवाला

जुन्याला जवळजवळ कधीच नाही. कोणी स्टेजवर भलतंच काही करून बसला, लिहिलेलं सोडून खरंच तिथल्या तिथे काहीतरी सुचलं, तर हसतात. किंवा एखाद्या जुन्या जोकचा एक शब्द बदललेला असतो, प्रेक्षकांना पत्ताही नसतो, आणि मागून एकच मोठं हसू येतं.